विळ्याला विचार

१२ जानेवारी २०२६
शेतातला आखाडा, पोखर्णी रोड

प्रिय संघप्रिया,

“मला नको इचारू मंजू, इळ्याला इचार.”

हे तू म्हणालीस त्याला सोळा वर्षं होऊन गेली असतील. तू कृषी पदविका घेऊन नुकतीच गावी परतली होतीस. मला या घरात येऊन चार वर्षं झाली होती, पण शेतात मी नवीच होते. एका प्लास्टिकच्या ड्रममध्ये मोरचुदाचं निळं पाणी, दुसऱ्यात चुन्याचं पांढरं. दोन्ही तू तिसऱ्या ड्रममध्ये एकदम ओतलंस आणि काठीनं ढवळलंस. मी विचारलं, “झालं का गं बरोबर?” तेव्हा निंबाच्या फांदीला अडकवलेला विळा काढून तू माझ्या हातात दिलास आणि हे म्हणालीस.

मी पातं बुडवलं. वर काढलं तर त्यावर तांबूस थर चढलेला.

“बघ, रुसलंय अजून. चुना कमी पडला. असंच मारलं तर पानं जळतेत.”

तू चुन्याची निवळी घातलीस, मी पुन्हा बुडवलं, आणि या खेपेला विळा जसा गेला तसा परत आला. शाळेत कधी न सुटलेलं गणित सुटावं तसा आनंद मला झाला होता. बारावी सायन्स झाले म्हणून मी या घरात मिरवायची, पण सायन्स मी त्या दिवशी पहिल्यांदा हातात धरलं.

आज हे का आठवलं, सांगता येत नाही. विळा समोरच आहे म्हणून असेल.

तुझा पत्ता सरजाकाकूंनी दिला. मी नंबर मागितला होता. “नंबर देऊ नको म्हनली ती. पत्त्याचं काय म्हनली न्हाई,” असं म्हणून त्यांनी पेटीतून तुझं पाकीट काढलं. तू कोडगूच्या डोंगरात कॉफीच्या मळ्यावर आहेस, फवारणीचं सगळं तुझ्याकडे आहे, हाताखाली वीस बाया आहेत, हे त्यांनी दोनदा सांगितलं. “तिथं बी तेच निळं पानी करती म्हनं माजी पोरगी. कॉफीच्या पानाला तांबेरा पडतो. पानाच्या पोटाला हळद फासल्यावानी दिसतं.” सांगताना त्यांनी हातावर हात असा फिरवला, जणू त्या रोज बघतात. तुझ्याकडेही गेल्या पावसाळ्यात फळं काळी पडून गळाली, असं त्या म्हणाल्या. खरं का?

इकडची बाग तुला ओळखू येणार नाही. मामंजींनी लावलेल्या दोनशे चाळीस मोसंब्यांतल्या एकाहत्तर राहिल्यात. डिंक्यानं नेल्या. खोडातून डिंक गळतो, साल कुजते, पानं पिवळी पडतात. आणि मरायच्या वर्षी झाड फुलांनी इतकं भरून येतं की नवं माणूस म्हणेल, वा, काय बहर आहे. मी आता जास्त फुललेलं झाड बघितलं की त्याच्या बुंध्याशी खाली वाकते.

गेल्या सप्टेंबरात बागेत अकरा दिवस पाणी उभं होतं. दर पावसाळ्याआधी खोडांना तुझी ती मोरचूद-चुन्याची निळी पेस्ट लावली असती तर निम्मी तरी झाडं वाचली असती. पण आमच्या बागेत ती लावत नाहीत. का, ते तुला माहीत आहे.

तू बरी आहेस ना? उत्तर द्यायलाच पाहिजे असं नाही.

मंजुषा


२ फेब्रुवारी २०२६

प्रिय संघप्रिया,

उत्तर आलं नाही. मी वाट बघत नव्हते, असं लिहिणार होते. पण बघत होते.

तू माझी मुलगी बघितलेली नाहीस. राजेश्री. सप्टेंबरात ती पाच वर्षांची झाली. तू गाव सोडलंस तेव्हा ती पाच महिन्यांची होती आणि मी तिला बाहेर काढत नव्हते. कारण तुला सरजाकाकूंकडून कळलं असेल. तिचा वरचा ओठ नाकापर्यंत दुभंगलेला होता. सहाव्या महिन्यात शस्त्रक्रिया झाली. आता एक बारीक रेघ आहे, आणि ‘प’ म्हणताना थोडी हवा नाकातून जाते. तिला त्याचं काही नाही. परवा शाळेतून आली आणि म्हणाली, “आई, माझ्या ओठावर शिवण आहे, तशी कुणाच्याच ओठावर न्हाई.” मोठेपणानं सांगत होती.

आत्याबाई मात्र तिच्या ओठाकडे बघतात आणि मग माझ्याकडे बघतात. “गिऱ्हाणात इळा धरला व्हता हिनं,” एवढंच म्हणतात, पाहुण्यांपुढे सुद्धा. सासूबाईंचं तुला माहीत आहे, एकदा बोलल्या की बोलल्या. मी चहा ठेवायला उठते.

त्या दिवसाबद्दल आपण कधी बोललोच नाही, म्हणून लिहिते. २१ जून २०२०, सूर्यग्रहणाचा दिवस. आदल्या वर्षी बुरशीनं फळं कुजून गळाली होती, म्हणून तू म्हणालीस, यंदा पावसाच्या तोंडावर निळं पाणी, बोर्डो, मारूच. लॉकडाऊनमुळे दुकानात तयार औषध नव्हतं, म्हणून मोरचूद आणि चुना. ग्रहणात दुसरं कुणी कामाला येईना, पण तुझ्या फवारणीच्या टोळीतल्या चौघी आल्या. “आमाला गिऱ्हाण न्हाई वैनी, आमाला नुसतं ऊन लागतं,” असं नीलम म्हणाली आणि सगळ्या हसल्या. तेवढ्यात तुझ्या वडलांना, सूर्यभानकाकांना दम लागल्याचा निरोप आला आणि तू रिक्षात घालून त्यांना परभणीला नेलंस. जाताना मला सांगून गेलीस. मी विळा बघितला. चौघींनी फवारणी केली. पाचव्या दिवशी पानांच्या कडा करपल्या, लिंबाएवढी झालेली फळं काळी होऊन गळाली, अख्खी बाग.

पुढचं सगळं तुला माहीतच आहे. सगळ्यांसमोर माझ्या नवऱ्यानं, तुझ्या महारुद्रदादानं विचारलं, “इळा बघितला व्हता का?” मी म्हणाले, बघितला, लाल नव्हता. आणि तू म्हणालीस, “वैनीनं बघितलं म्हंजी बघितलं. माझंच माप चुकलं असंल, दादा.”

त्यानंतर तुझ्या टोळीला कुणी बोलावलं नाही. तुला दारावरून परत पाठवताना कोण काय बोललं, ते मी लिहीत नाही.

महारुद्रदादानं त्या निळ्या पाण्याचं नाव सुद्धा काढायचं नाही असं ठरवलं, ते आजतागायत. आता तो म्हणतो, राहिलेली झाडं जेसीबीनं काढू आणि ऊस लावू.

पत्र लांबलं.

मंजुषा


२४ फेब्रुवारी २०२६

संघप्रिया,

तुझं कार्ड आज मिळालं. बन्सीधर पोस्टमननं ते वाचूनच आणलं होतं. “वैनी, एवढ्या लांबून कार्ड अन् एकच ओळ? तिकडं शाई महाग हाय का काय? अन् हे इळ्याचं काय हो?” मी म्हणाले, तुम्ही तुमची सायकल सांभाळा.

तू विचारलंस, “विळा लोखंडाचा होता का स्टीलचा?”

लोखंडाचा. तोच, निंबाला अडकवलेला.

मंजुषा


२५ फेब्रुवारी २०२६

प्रिय संघा,

कालचं पत्र बन्सीधरच्या हाती दिलं आणि आत येऊन भाकरी करायला बसले. तीन भाकरी करपल्या. आत्याबाई म्हणाल्या, “ध्यान कुठं हाय?” मी तुझं कार्ड धान्याच्या डब्यामागं ठेवलं होतं, ध्यान तिकडे होतं.

लोखंडाचा का स्टीलचा. साडेपाच वर्षं तू हे शोधत होतीस का? स्टीलच्या पात्यावर तांबं चढत नाही, म्हणून तो लाल दिसला नसेल, असं काहीतरी? आणखी काय काय शोधलंस? तराजू? पाणी? मोरचुदात भेसळ? एवढ्या लांबच्या डोंगरावर, दर पावसाळ्याआधी ड्रम भरताना, तू प्रत्येक वेळी मागं जाऊन बघत असशील की माझं कुठं चुकलं. एकच गोष्ट तू कधी तपासली नसणार. मी खोटं बोलले असेन, हे तुझ्या मनात आलंच नाही. तसं आलं असतं तर तू हे कार्ड लिहिलं नसतंस.

मी विळा बघितला नव्हता, संघा.

आता सगळं लिहिते. मधे थांबले तर पुन्हा लिहिणार नाही.

तू नऊच्या सुमारास गेलीस. जाताना चुन्याच्या पोत्यात हात घातलास, चिमूट चोळलीस आणि म्हणालीस, “हा चुना जुना दिसायलाय, मंजू. ओल लागून भुकटी झाली. मापावर जाऊ नको, इळ्यावरच जा.” इतकं स्पष्ट सांगून गेलीस. मी मान हलवली.

मला सहावा महिना होता. त्याआधी दोनदा माझी कूस रिकामी झाली होती, दुसऱ्या वेळी तू माझ्या उशाशी बसली होतीस. आत्याबाईंनी सकाळीच बजावलं होतं, “गिऱ्हाण सुटूस्तोर खोलीतनं हलायचं न्हाई. सुरी न्हाई, इळा न्हाई, सुई सुद्धा न्हाई. पोराचा ओठ फाटतो.” आदल्या संध्याकाळी मी तुझ्यापुढं याच्यावर हसले होते, आठवतं? “चंद्राची सावली माझ्या पोटात येऊन काय कापणार?” असं म्हणाले होते. तू म्हणाली होतीस, “सायन्सवाली हायेस बाबा तू.”

अकरा वाजता मी मागच्या दारानं निंबाखाली आले. उन्हाचा रंग उतरायला लागला होता. निंबाच्या सावलीत, पानांमधून पडणारे कवडसे सगळे चंद्रकोरीसारखे झाले होते. माझ्या हातांवर, पोटावर, ड्रमवर, सगळीकडे बारीक बारीक विळे. मी फांदीकडे हात नेला. आणि पोटातली हलली.

मी हात मागं घेतला.

कुणी बघितलं नव्हतं. नीलमला हाक मारून सांगता आलं असतं, तू बुडव गं विळा, मला भीती वाटते. एवढंच वाक्य. पण त्या चौघी पंप पाठीवर घेऊन उभ्या होत्या, ज्यांना ग्रहण नव्हतं, आणि मी बारावी सायन्सवाली वैनी. मला लाज वाटली. नीलमनं विचारलं, “वैनी, बघितला का इळा?” आणि मी म्हणाले, “बघितला. भरा.”

मी म्हणाले, भरा.

ढग येत होते, कालवलेलं बोर्डो दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नाही, चुना जुना असला तरी थोडंफार चालेल, अशी कारणं मी खोलीत जाऊन बसल्यावर शोधली. ती आधीची नाहीत.

पाचव्या दिवशी तू करपलेलं पान हातात धरून उभी होतीस. महारुद्रदादानं विचारलं. मी तेव्हा तरी सांगणार होते. पण तू माझ्या बाजूनं बोललीस. आणि सगळ्यांनी ते लगेच मानलं, इतकं लगेच, की मला मागं फिरायला जागाच राहिली नाही. का मानलं? आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत, फळीवर एक कप वेगळा ठेवलेला असायचा. निळ्या फुलाचा. तो तुझा. तू चहा पिऊन तो स्वतः विसळायचीस आणि मी तो पालथा घालायची. दहा वर्षांत एकदाही मी तो आमच्या कपांत ठेवला नाही, एकदाही विचारलं नाही की हा वेगळा का. ज्या घरात तो कप तसा होता, तिथं तुझं माप चुकलं हे मानायला कुणाला किती वेळ लागणार होता? मी खोटं बोलले, पण त्याला जागा आधीच केलेली होती. ती मी पण केली होती.

मग सप्टेंबरात राजेश्री झाली. दाईनं तिला वर धरलं. पहिल्यांदा आत्याबाई बोलल्या, “म्हनलं न्हवतं? धरलास ना इळा? समद्या गावापुढं सांगितलंस.”

मला हसू आलं असतं, संघा, जर रडू आलं नसतं. मी विळ्याला हात लावला नव्हता. ते एक वाक्य बोलले असते तर पोरीच्या ओठाचा दोष माझ्यावरून गेला असता. पण मग बागेचा आला असता. मी दोन्ही तराजूत घालून बघितलं आणि पोरीचा ओठ स्वतःवर घेतला. वाटलं, ही शिक्षा पुरेल. डॉक्टर म्हणाले, याचा ग्रहणाशी काही संबंध नाही, होतं असं. मी त्यांच्याकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, संबंध आहे, तुम्हाला माहीत नाही एवढंच.

शिक्षा पुरत नसते. ती मी घेत होते आणि घर सोडून तू गेली होतीस.

तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर हे आहे. तुझं माप बरोबर होतं. विळा लोखंडाचाच होता. तो पाण्यात गेलाच नाही.

मंजू


४ मार्च २०२६

प्रिय संघा,

काल ग्रहण होतं, चंद्राचं. चंद्र उगवला तोच एका कडेनं खाल्लेला. राजेश्री अंगणात बघायला पळाली. आत्याबाईंनी तिला हाताला धरून आत ओढलं आणि म्हणाल्या, “तुझ्या आयनं तुझं वाटुळं केलं तेवढं बास हाय.”

राजेश्रीनं माझ्याकडे बघितलं. तिनं हे पहिल्यांदा ऐकलं नव्हतं. पण ती आता समजायला लागली आहे, हे मला तिच्या बघण्यावरून कळलं.

मी म्हणाले, “आत्याबाई, मी त्या दिवशी विळा धरला नव्हता. खोटं बोलले होते. तुमच्या गिऱ्हाणाला भिऊन मी हात मागं घेतला. बाग माझ्यामुळं जळाली, संघप्रियामुळं नाही.”

मला वाटलं होतं, त्या मारतील, ओरडतील. त्या ओट्यावर बसल्या. राजेश्रीला जवळ घेऊन त्यांनी तिचा ओठ बघितला. मग मला विचारलं, “धरलाच न्हवता? मग पोरीचं असं का झालं?”

मी म्हणाले, “असंच. होतं म्हणे.”

“असंच?” त्या म्हणाल्या. आणि पदर तोंडाला लावला. मी त्यांना इतक्या वर्षांत रडताना बघितलं नव्हतं, मामंजी गेले तेव्हाही नाही. त्यांना मी एक कारण दिलं होतं आणि काल ते परत घेतलं. मला वाटलं होतं मी फक्त तुझंच काहीतरी हिरावून घेतलं आहे.

महारुद्रदादा दारात उभा होता, त्यानं सगळं ऐकलं. तो चिडला नाही. तेच अवघड गेलं. खुंटीवरचा टॉवेल घेऊन म्हणाला, “आता सांगून झाडं उगवनार हायेत का?” आणि बागेत गेला. कालपासून तो माझ्याशी बोलला नव्हता. आज दुपारी भाकरी घेऊन गेले तर एका वठलेल्या झाडाच्या बुंध्यावरचा डिंक नखानं काढत बसला होता. मी शेजारी बसले. तो म्हणाला, “मीच निळं पानी बंद केलं. तिच्यावर राग धरून. पाच वर्सं. पेस्ट लावली असती तर हे झाड राह्यलं असतं.” मग म्हणाला, “तू तवाच बोलली असतीस तर मी शिव्या घातल्या असत्या. अन् दुसऱ्या वर्षी तिलाच बोलावलं असतं.”

हे खरं असेल का? मला ठरवता येत नाही. खरं असेल तर जास्त वाईट.

मंजू


१८ मे २०२६

प्रिय संघा,

अडीच महिने तुझी ओळ नाही. सरजाकाकूंना विचारलं. “पत्रं पोचली म्हनली. आनिक काय म्हनली न्हाई.”

त्यांना मी सगळं सांगितलं, मार्चमध्येच. त्या उंबऱ्यात तांदूळ निवडत होत्या. ऐकून घेतलं आणि निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, “माजा माणूस मरताना सुदिक म्हनला, पोरगी मापाला पक्की हाय, चुकली कशी? तेला सांगायला पायजे व्हतं तुमी.” चहा त्यांनी दिला नाही. मी पण उठले नाही. राजेश्री त्यांच्या सुपातले खडे वेचत होती, ती वेचत होती तोवर बसले. निघताना त्यांनी राजेश्रीच्या हातावर गूळ ठेवला. मला काही नाही. बरोबरच आहे.

निळ्या फुलाचा कप मी फळीवरून काढला आणि आमच्या कपांत ठेवला. त्यातून मीच चहा पिते. हे काही मोठं केलं म्हणून सांगत नाही. उशीर किती झाला ते सांगते.

आता खरी अडचण सांगते. मी गावात सांगायला लागले आणि कुणी विश्वासच ठेवेना.

गिरणीवर दळण टाकताना पाच-सहा जणींपुढं बोलले, की बाग माझ्यामुळं जळाली, संघप्रियाचा दोष नव्हता. सविता म्हणाली, “जाऊ द्या वैनी, तुमचं मन मोठं हाय. मैत्रीन म्हनून अंगावर घ्यायलात.” बाकीच्यांनी माना हलवल्या. एक जण म्हणाली, “अशी मानसं ऱ्हायली न्हाईत आता.” मी ओरडून सांगितलं, अगं मी खोटं बोलले होते! तर त्या आणखीच हळव्या झाल्या. मी तुझं नाव धुवायला गेले आणि माझंच उजळून आलं. खोटं बोलले तेव्हा एका शब्दात मानलं, आणि खरं बोलायला लागल्यापासून मी देवमाणूस झाले आहे. ज्या कारणानं तेव्हाचं मानलं, त्याच कारणानं आताचं मानत नाहीत.

महारुद्रदादालाही मी म्हणाले, राहिलेल्या झाडांना मीच बोर्डो करते, मला येतं. तो म्हणाला, “करायचं तर तिच्या हातनं. तुझ्या हातावर माझा भरवसा न्हाई आता.” सरळ बोलला, राग नव्हता. मला तेच बरं वाटलं. जेसीबीवाल्याला त्यानं मृगापर्यंत थांबवलं आहे. एकाहत्तरमधल्या एकोणसाठ आता उरल्यात. यंदा चार झाडं खूप फुलली होती.

मोरचूद आणला आहे. चुना या वेळी ताजा, ढेकळं आहेत, पाण्यात टाकला की चुरचुरतो. तीन ड्रम धुऊन निंबाखाली पालथे घातलेत. विळा जिथं होता तिथंच आहे.

मला माहीत आहे, तुझ्याकडेही कॉफीची फवारणी याच दिवसांत असते, पावसाच्या आधी. तुझ्या वीस बाया आहेत. तिथं तुझं माप चुकतं असं म्हणणारं कुणी नाही. इथं तुझं काही राहिलेलं नाही, आणि जे होतं ते मीच घालवलं. तू का यावंस, याचं एकही कारण मला सुचलं नाही. बागेसाठी ये म्हणायला तोंड नाही. माझ्यासाठी तर नाहीच.

तरी मागते. सात जूनला रविवार आहे. नीलम आणि बाकीच्या तिघी येतो म्हणाल्यात. गिरणीवरच्या बायांना मी बोलावलं आहे, आत्याबाई खुर्ची टाकून बसणार आहेत, सरजाकाकूंना मी घ्यायला जाईन. तू फक्त निंबाखाली उभी राहा. औषध कालवायचं का नाही, ते तुझं तू ठरव. माफ कर असं मी म्हणणार नाही, तूही काही बोलू नकोस. फक्त त्या सगळ्यांच्या देखत, तेव्हा नीलमनं विचारलं होतं तसं, तुझ्या तोंडानं मला एकदा विचार, “वैनी, बघितला व्हता का इळा?”

तू विचारलंस तर ते ऐकतील. आणि मला ‘न्हाई’ म्हणता येईल.

तू येणार नाहीस, हे मला माहीत आहे. सहा तारखेच्या संध्याकाळी मी परभणीच्या स्टँडवर उभी राहीन. येशील का?

मंजू